घरच्यांचे फोटो फोनवरून थेट पाठवण्याआधी कुणाला विचारावे?

अवंती_कराड

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळाचे बारसे आहे. आमचे कुटुंब मोठे असून कराड, सांगली, पुणे आणि दुबई असे विखुरलेले आहे, आणि सगळ्यांना जोडणारा एकच व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बहिणीने आणि तिच्या यजमानांनी त्या ग्रुपवर एक विनंती केली. बारशाला अवश्य या, फोटोही काढा, मात्र बाळाचे फोटो आपापल्या फोनवरून थेट कुठेही पाठवू नका आणि स्टेटसला ठेवू नका. आम्ही निवडून सगळ्यांना पाठवू, असे त्यांनी लिहिले.

या चार ओळींवरून घरात बरीच नाराजी झाली. एका काकांनी "आपल्याच नातवंडाच्या फोटोला परवानगी कसली?" असे विचारले, आणि एका आत्याने बारशाला येण्याबद्दल मौन धरले आहे. मला दोन्ही बाजू कळतात, पण माझे मत बहिणीच्या बाजूने आहे. फोन ज्याच्या हातात आहे तो फोटो काढणारा असतो; फोटोत जो दिसतो, त्याचे त्या फोटोवर काही चालते की नाही, हा माझा प्रश्न आहे. तुमच्या घरात याबाबत काय पाळले जाते? कागदपत्रांचे फोटो, आजारपणातले फोटो, लग्नासाठीचे बायोडेटा यांबद्दलचे अनुभवही सांगावेत. ग्रुपवर पाठवण्यासाठी एक नीट शब्दांतले निवेदन तयार करायचे आहे, त्यासाठी तुमची मदत होईल.

विश्वासनाना_रत्नागिरी

अवंतीताई, मी वयाने तुमच्या काकांच्या बाजूचा आहे आणि मतानेही. माझी दोन्ही मुले बाहेरगावी आहेत. नातीला पहिला दात आला, ती पहिल्यांदा उभी राहिली, शाळेच्या गणवेशात पहिल्या दिवशी रिक्षात बसली, हे सारे मी फोनवरच पाहिले. ते फोटो कुणी निवडून, तपासून पाठवलेले नव्हते. सुनेने काढले आणि त्याच क्षणी पाठवले. त्या ताजेपणाला माझ्या लेखी मोल आहे. नात्यात परवानगीची भाषा आली की माणसे हळूहळू विचारायचेच सोडून देतात, आणि न विचारता दूर राहतात, असे मी पाहिले आहे. तुमच्या आत्याबाईंचे मौन त्यातलेच असावे.

जगात वाईट माणसे आहेत हे मला मान्य आहे. पण त्यांच्या भयाने आपण आपल्याच माणसांना परके का करावे, याचे उत्तर मला कुणी द्यावे.

कौस्तुभ_ठाणे

नाना, आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकणार नाही, पण फोटो "थेट" पाठवला म्हणजे नेमके काय जाते हे सांगतो, कारण यातला बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो.

फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्रासोबत एक नोंद असते, तिला एक्झिफ म्हणतात. त्यात फोटो कधी काढला, कोणत्या फोनने काढला, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची मुभा दिलेली असेल तर काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश असतात. घराच्या गॅलरीत काढलेल्या फोटोत घराचा पत्ताच असतो म्हणा. आता तो फोटो कोणत्या मार्गाने जातो त्यावर ही नोंद सोबत जाते की नाही हे ठरते. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवला तर तो आकाराने लहान केला जातो आणि जागेची नोंद गळून जाते. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला, किंवा ईमेलला जोडला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि नोंदही जाते. फोटो फाटल्यासारखे दिसतात म्हणून पुष्कळ लोक हल्ली मुद्दाम डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. त्यांना हे माहीत असायला हवे.

दुसरी गोष्ट स्टेटसची. ग्रुपवर फोटो टाकला तर निदान त्या ग्रुपमध्ये कोण आहे हे पाहता येते. स्टेटस मात्र आपण वेगळे काही ठरवले नसेल, तर आपल्या यादीत ज्यांचे नंबर आहेत आणि ज्यांच्याकडे आपला नंबर आहे, अशा सगळ्यांना दिसते. त्यात गॅस सिलिंडर आणणारा, जुना घरमालक, कधीकाळी फर्निचर करून गेलेला सुतार, सगळे आले. बारशाच्या फोटोबाबत मला ग्रुपपेक्षा स्टेटसची अधिक काळजी वाटते.

रेवती७७

कौस्तुभ, आपल्या फोटोत जागेची नोंद आहे की नाही हे कसे ओळखायचे, आणि ती काढता येते का?

कौस्तुभ_ठाणे

रेवतीताई, गूगल फोटोज किंवा आयफोनच्या गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला की खाली माहिती दिसते. तिथे नकाशा दिसला तर नोंद आहे. आयफोनवर पाठवतानाच वरच्या बाजूला "ऑप्शन्स" येते, त्यात लोकेशन बंद करून फोटो पाठवता येतो. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद केले की पुढच्या फोटोंत नोंद होतच नाही. आधीच काढलेल्या फोटोंत ती राहते.

शिवार_औसा

कौस्तुभ यांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे, पण सरसकट सगळ्यांनी लोकेशन बंद करावे असा अर्थ कुणी काढू नये, एवढ्यासाठी लिहितो. मी शेती करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून आपल्या फोनवरून पिकाचा फोटो काढायचा आणि गट क्रमांकासह नोंद करायची. त्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असणे हाच तर पुरावा आहे. पूर्वी सातबाऱ्यावर पिकाची नोंद कुणी, कधी आणि कुठे बसून केली हे शेतकऱ्याला कळत नसे. आता बांधावर उभा असलेला माणूस स्वतःच्या हाताने नोंद करतो, हे मोठे काम झाले आहे. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेले तेव्हा पंचनाम्याच्या वेळी आमच्या गावात ज्यांच्याकडे तारखेचे आणि जागेचे फोटो होते त्यांना आपले म्हणणे मांडणे सोपे गेले. पाणी ओसरल्यावर शेत पाहायला येणाऱ्याला शेंगांना फुटलेले कोंब दिसतात, पण चार दिवस गुडघाभर पाणी होते हे फोटोच सांगतो.

तेव्हा शेतातला फोटो जागेसकट आणि घरातला जागेविना, असा भेद करायला शिकावे. मी स्वतः कॅमेऱ्याचे लोकेशन शेतात गेल्यावर चालू करतो आणि घराकडे वळताना बंद करतो.

मृणाल_शिक्षिका

मूळ प्रश्नाकडे येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परिपाठ, पोषण आहार, वृक्षारोपण, कोणताही दिनविशेष, प्रत्येक गोष्टीचा फोटो आमच्या फोनवरून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर जातो. फोन माझा, मुले दुसऱ्याची आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे मला ठाऊक नाही, अशी परिस्थिती असते. उपक्रम झाला याची नोंद वरिष्ठांना हवी असते, यात काही गैर नाही. पण नोंद उपक्रमाची हवी असते. मुलांच्या चेहऱ्यांची गरज तिला नसते, हे मी अनुभवाने सांगते. आहाराच्या फोटोत ताटे आणि पंगत दिसली की काम होते. वृक्षारोपणात मुलांचे हात, रोप आणि खड्डा दिसला तरी अहवाल पूर्ण होतो. मी आता पंगतीच्या मागून, पाठमोरा फोटो घेते, आणि आजवर कुणीही तो परत पाठवलेला नाही.

मुलांना हे फार चटकन कळते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मोफत गणवेश वाटपाच्या वेळी ओढणीने चेहरा झाकला. तिला गणवेश हवा होता. तो फुकट घेतानाचा फोटो नको होता. त्यानंतर कोणतीही मदत वाटतानाचा मुलांचा फोटो मी काढत नाही आणि इतरांनाही काढू देत नाही. नाना, दूरच्या भयापेक्षाही हे कारण मला मोठे वाटते. फोटोतल्या माणसाला स्वतःचे एक मन असते.

विश्वासनाना_रत्नागिरी

मृणालताई, त्या मुलीचे उदाहरण वाचून मी बराच वेळ काही लिहिले नाही. ते मान्य. पण तान्ह्या बाळाला असे मन नसते, आणि आजोबांनी नातवाचा फोटो आपल्या भावाला पाठवणे व मदत वाटपाचा फोटो पाठवणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत.

अनघा_पुणे

अवंतीताईंनी लग्नाच्या बायोडेटाचा उल्लेख केला आहे. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या समाजात फोनवरून सर्वात जास्त खासगी माहिती याच वाटेने जाते आणि तिच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते.

एका पानाच्या बायोडेटात काय असते ते पाहा. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ, रास, नक्षत्र, गण, नाडी, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरीचे ठिकाण आणि पगार, वडिलांचे नाव व व्यवसाय, भावंडे, मामेकुळ, राहत्या घराचा पत्ता, वडिलांचा फोन, आणि कोपऱ्यात साडीतला फोटो. एखाद्या व्यक्तीच्या नावाने खोटे खाते उघडायचे असेल किंवा बँकेतून बोलतो असे सांगून तिच्या वडिलांना फोन करायचा असेल, तर लागणारी बहुतेक माहिती एका पीडीएफमध्ये मिळते. ती पीडीएफ मावशी तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकते, तिथून ती वधू-वर ग्रुपवर जाते, तिथून जातीच्या, जिल्ह्याच्या, "फक्त उच्चशिक्षित" अशा ग्रुपांवर फिरते. लग्न ठरते, मूल होते, तरी ती फिरतच राहते. माझ्या लग्नानंतर कित्येक दिवसांनी माझ्या वडिलांना एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला, "मुलीचे पाहता का अजून?" वडिलांनी नम्रपणे सांगितले. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ अस्वस्थ होते.

माझ्या बायोडेटातला फोटो नंतर एका विवाहविषयक पानावर नमुना म्हणून लावलेला मैत्रिणीला दिसला. तो काढून घ्यायला खूप पत्रव्यवहार करावा लागला. तो तिथे कुणी दिला हे कधीच कळले नाही, कारण माझ्या माहितीतल्या प्रत्येकाने तो चांगल्या हेतूनेच पुढे पाठवला होता.

मधुकर_नाशिक

अनघाताईंना जो त्रास झाला तो वाचून वाईट वाटले, तरीही एका मुलीचा बाप म्हणून दुसरी बाजू मांडतो. स्थळे अशीच येतात. बायोडेटावर फोन नंबर नसेल तर समोरचा पुढच्या बायोडेटाकडे वळतो. पत्रिका नसेल तर मध्यस्थ विचारतही नाहीत. आमच्यासारख्या ज्यांना मोठे नातेगोते नाही, त्यांना हे ग्रुप म्हणजे आधार आहेत. शहरातल्या सुशिक्षित मुलींना स्वतः जोडीदार शोधता येतो. माझ्या मुलीला संकोच वाटतो. मग आम्ही काय करावे?

अनघा_पुणे

मधुकरकाका, तुमची अडचण खरी आहे आणि ग्रुप सोडा असे मी म्हणणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही जे केले ते सांगते. त्याने स्थळे कमी झाली नाहीत. पहिल्या पानावर फक्त पहिले नाव, जन्मवर्ष, शिक्षण, कामाचे क्षेत्र, गाव व अपेक्षा एवढेच ठेवले. संपर्कासाठी एक वेगळा नंबर घेतला, जो ना बँकेला जोडलेला होता ना आधारला. लग्न ठरल्यावर तो बंद केला. दोन्ही बाजूंनी प्राथमिक पसंती झाल्यावर जन्मवेळ, पत्ता आणि फोटो, तेही थेट त्या घरातल्या एका व्यक्तीला, "पुढे पाठवू नये" अशा विनंतीसह. फोटोवर खाली बारीक अक्षरांत स्थळाच्या घराचे आडनाव आणि महिना लिहिला. त्यामुळे तो कुठे दिसलाच असता तर कुणाकडून गेला हे कळले असते. पहिल्या एक-दोन मध्यस्थांनी नाक मुरडले, मग त्यांनाच सोयीचे वाटू लागले. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वेळी पाठवण्याआधी बहिणीला विचारले. तुमच्या मुलीलाही विचारा. संकोची मुलींचेही याबाबत ठाम मत असते.

मधुकर_नाशिक

फोटोवर आडनाव लिहिण्याची कल्पना मला फार आवडली. आजच मुलीशी बोलतो.

ॲड_सुनेत्रा

कायद्याचा भाग थोडक्यात मांडते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. एखादी व्यक्ती निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळत असेल, तर तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे अवंतीताईंच्या काकांनी भावाला नातवाचा फोटो पाठवला तर तो कायद्याचा विषय नाही. क्लास, छायाचित्रकार, विवाहसंस्था यांना तो मोकळेपणा नाही. घरातला प्रश्न कायद्याने घरावरच सोडला आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पण म्हणूनच घराने तो बोलून सोडवायला हवा.

विनासंमती एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र काढणे वा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे, तो घरच्याने केला तरी. अंघोळ घालतानाचे तान्ह्या बाळाचे फोटो आपल्याकडे कौतुकाने काढले जातात. त्यामागे दुष्ट हेतू नसतो हे उघड आहे, पण ते फोटो फोनवरून पाठवू नयेत एवढे मी सर्वांना कळकळीने सांगेन. बाहेर गेल्यावर ते कोणत्या हातात पडतील यावर आईवडिलांचा काहीही ताबा राहत नाही.

परिचारिका_सोलापूर

आजारपणातल्या फोटोंबद्दल लिहावेसे वाटले. अतिदक्षता विभागात नातेवाइकांना थोडा वेळ आत सोडतात. बाहेर गावाहून आलेली पंधरा माणसे बसलेली असतात, आत एकच जाणार असतो, म्हणून तो फोटो काढून बाहेरच्यांना पाठवतो. त्यामागची माया मला समजते. पण त्या फोटोत काय असते ते त्याला घाईत दिसत नाही: नाकातली नळी, सरकलेली चादर, उघडा खांदा, लघवीची पिशवी, आणि उशाशी अडकवलेला कागद, ज्यावर नाव, वय व आजार वाचता येईल असा लिहिलेला असतो. शेजारच्या खाटेवरचा रुग्णही त्यात येतो, ज्याच्या घरच्यांना कुणी विचारलेलेही नसते.

एक शिक्षक आमच्याकडून बरे होऊन गेले. गावी पोहोचल्यावर त्यांना कळले की त्यांचा तो फोटो "प्रार्थना करा" अशा मजकुरासह अख्ख्या तालुक्यात फिरला होता आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीही तो पाहिला होता. तपासणीला आले तेव्हा ते मला म्हणाले, "शुद्ध असती तर मी हात आडवा केला असता." ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने आपणच "नको" म्हणायचे असते, असे मी तेव्हापासून नातेवाइकांना सांगते. नानांनी लिहिले की तान्ह्या बाळाला मन नसते. मला वाटते बाळाच्या बाबतीतही नेमका हाच नियम लागू होतो, आणि त्याच्या वतीने बोलायचा पहिला हक्क त्याच्या आईवडिलांचा आहे.

जखमेचा फोटो डॉक्टरांना दाखवायला पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती जरूर करावी. तो थेट डॉक्टरांना पाठवावा, ग्रुपवर नव्हे.

रेवती७७

कागदपत्रांबद्दल कुणीच लिहिले नाही. लॉजवाले, भाड्याच्या गाडीवाले, सोसायटीचे कार्यालय, सगळे "आधारचा फोटो व्हॉट्सॲप करा" असे सहज म्हणतात.

ॲड_सुनेत्रा

रेवतीताई, आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून "मास्क्ड आधार" उतरवून घेता येते. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असतात. ओळख पटवण्यासाठी अनेक ठिकाणी तेवढे पुरते. शिवाय लॉजसाठी वाहन परवाना दाखवला तरी चालतो. प्रत्येक ठिकाणी आधारच दिले पाहिजे असे नाही. फोटो पाठवावाच लागला तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिला ते आडवे लिहून पाठवावे.

कौस्तुभ_ठाणे

सुनेत्राताईंना एक पुरवणी. व्हॉट्सॲपवर २०२१ पासून एकदाच पाहता येईल असा फोटो पाठवण्याची सोय आहे. तिचा उपयोग जरूर करा, पण तिच्यावर विसंबू नका. समोरचा माणूस दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो घेऊ शकतो. "सर्वांसाठी डिलीट" केले तरी तोपर्यंत ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला किंवा उतरवून घेतला, त्यांच्याकडे तो राहतो. पाठवलेले परत घेण्याची खात्रीची सोय कोणत्याही ॲपमध्ये नाही.

आणि एक गंभीर गोष्ट, कुणाला लागू नये पण माहीत असावी. एखाद्याचे खासगी फोटो पसरवण्याची धमकी दिली जात असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाची सेवा आहे, अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी. त्यात फोटो कुणाकडेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. त्या ठशाशी जुळणारा फोटो त्यांच्याकडे आला तर तो त्यांना अडवता येतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी "टेक इट डाउन" ही तशीच सेवा आहे. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, आणि मुलांनी घरी सांगितले तर आधी त्यांच्यावर ओरडू नये.

मुक्काम_टोरांटो

मी आणि नाना विरुद्ध टोकांना आहोत, म्हणजे फोटो पाठवणारी मी आणि वाट पाहणारे ते. आमचा मुलगा इथे जन्मला. आम्ही पहिल्यापासून ग्रुपवर काही टाकले नाही. एक सामायिक अल्बम केला, ज्यात दोन्हीकडचे आजीआजोबा, मामा आणि आत्या एवढेच आहेत. फोटो काढला की त्यात जातो, त्यामुळे ताजेपणा टिकतो. सुरुवातीला सासूबाईंना तो उघडताच येत नसे. मग भाचीने त्यांच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर त्याचे चिन्ह आणून ठेवले आणि बाकीची चिन्हे बाजूला केली. आता सकाळी चहा घेताना त्या तेच पाहतात, आणि एखाद्या दिवशी नवा फोटो नसला तर फोन येतो.

एक सावधगिरी सांगते. अल्बमची लिंक "ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल" अशी ठेवू नये. माणसे नावाने जोडावीत. लिंकही फोटोसारखीच पुढे पाठवली जाते.

विश्वासनाना_रत्नागिरी

टोरांटोच्या ताईंचे वाचून समाधान वाटले. परिचारिकाताईंचे म्हणणेही पटले. बाळाच्या वतीने बोलण्याचा पहिला हक्क आईवडिलांचा, हे मी मान्य करतो. पण माझी एक अट आहे आणि अवंतीताईंनी ती आपल्या निवेदनात घालावी. "आम्ही निवडून पाठवू" असे तरुण मंडळी म्हणतात आणि मग ते फोटो महिनाभर येत नाहीत. ज्याला फोटो काढूनही पाठवायचा नाही असे सांगितले आहे, त्याला तो वेळेवर मिळण्याचा हक्क आहे. बारशाचे फोटो त्याच रात्री आले पाहिजेत. आणि ज्यांना येणे जमणार नाही अशा ज्येष्ठांना पाळण्यात बाळ घालताना व्हिडिओ कॉल लावावा.

अवंती_कराड

नाना, तुमची अट जशीच्या तशी घेतली आहे. बहिणीशी बोलून पुढील मसुदा केला आहे, सुधारणा सुचवाव्यात.

"सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार. बारशाला तुम्ही सगळे असावेत ही आमची मनापासून इच्छा आहे. फोटो अवश्य काढा. बाळ मोठे होऊन आपल्या फोटोंबद्दल स्वतः सांगू लागेपर्यंत ते ग्रुपबाहेर जाऊ नयेत असे आम्हाला वाटते, म्हणून कृपया ते स्टेटसला, फेसबुकवर किंवा इतर ग्रुपवर ठेवू नयेत. काढलेले फोटो तिथेच आम्हाला द्यावेत. त्याच रात्री जेवणानंतर सगळे फोटो घरच्यांच्या सामायिक अल्बममध्ये येतील. ज्यांना येणे शक्य नाही त्यांना नाव ठेवतेवेळी व्हिडिओ कॉल येईल. आजी-आजोबांच्या पिढीतल्या प्रत्येकाला छापील फोटो पोस्टाने पाठवू."

छापील फोटोची कल्पना बहिणीच्या यजमानांची आहे. "तिथेच आम्हाला द्यावेत" हे प्रत्यक्षात कसे करायचे, एवढाच प्रश्न उरला आहे, कारण कार्यालयात नेटवर्क नीट मिळत नाही.

कौस्तुभ_ठाणे

त्याला नेटवर्क लागतच नाही. अँड्रॉइडवर क्विक शेअर आहे (पूर्वीचे नाव निअरबाय शेअर, २०२४ मध्ये बदलले) आणि आयफोनवर एअरड्रॉप. दोन फोन जवळ असले की ब्लूटूथने एकमेकांना ओळखतात आणि फाइल थेट एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाते. मूळ दर्जाचा फोटो मिळतो आणि मधे कोणताही ग्रुप येत नाही. एक अँड्रॉइड व एक आयफोन घेऊन घरातल्या दोन तरुणांना दारापाशी बसवा; लोक निघताना दोन मिनिटे थांबून फोटो देतील. मिळवण्याची मुभा "सर्वांना" अशी तेवढ्यापुरतीच ठेवा, कार्यक्रम संपला की "फक्त संपर्कातले" अशी करा.

हवे असल्यास त्या दिवसापुरता ग्रुपही "फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील" असा करता येतो.

मृणाल_शिक्षिका

मसुदा चांगला झाला आहे. ग्रुप मात्र बंद करू नये, अवंतीताई. बारशाच्या दिवशी सगळ्यांना आशीर्वाद लिहायचे असतात, आणि आत्याबाईंना पहिल्याच दिवशी दार लावलेले दिसले तर त्या पुन्हा गप्प होतील. निवेदन ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना आणि काकांना बहिणीने स्वतः फोन करावा असे मला वाटते.

अवंती_कराड

ग्रुप उघडाच ठेवतो. आत्याला बहीण आज संध्याकाळी फोन करणार आहे, काकांकडे मी स्वतः जाते. दारापाशी बसायला दोन भाचे तयार आहेत.